लेकीने उशीवर ठेवलेली कादंबरी: ज्युलियाने आईला खरं सांगायला हवं होतं का? (कथानक पूर्ण उघड केलं आहे)

अंगणवेल | ११ जानेवारी, रात्री १०:१०

आम्ही शिकागोच्या उपनगरात सतरा वर्षं आहोत, मी मूळची सांगलीची. लेक पंधरा वर्षांची. गेल्या आठवड्यात तिने शाळेत इंग्रजीला लावलेली एक कादंबरी माझ्या उशीवर आणून ठेवली. वर पिवळी चिठ्ठी: 'आई, वाच. पूर्ण वाच. मग बोलू.'

तिने आपण होऊन 'बोलू' म्हणावं हे आमच्या घरात दीड वर्षात पहिल्यांदा घडलं. दोन रात्री जागून संपवली.

पुस्तक आहे एरिका एल. सांचेस यांचं 'आय ॲम नॉट युअर परफेक्ट मेक्सिकन डॉटर'. २०१७ साली आलं आणि त्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होतं. लेखिका शिकागोला चिकटून असलेल्या सिसेरो गावात वाढल्या, आईवडील मेक्सिकोहून आलेले. गोष्टीतली ज्युलियाही शिकागोचीच. वडील गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात, आई लोकांची घरं साफ करते, दोघांकडे कागदपत्रं नाहीत. थोरली बहीण ओल्गा बावीस वर्षांची, घरातली गुणी मुलगी: घर सोडून कॉलेजला गेली नाही, आईला कामात मदत करते, उलट शब्द नाही. ती ट्रकखाली जाते. पुस्तक सुरू होतं तेच तिच्या अंत्यविधीपासून. मागे राहते ज्युलिया, जी फटकळ आहे, जिला लेखक व्हायचंय आणि घराबाहेर पडायचंय.

पुढे बहिणीच्या खोलीत ज्युलियाला अशा वस्तू सापडतात, ज्या त्या गुणी मुलीकडे असायला नको होत्या. शोधत गेल्यावर कळतं की ओल्गाचं एका लग्न झालेल्या डॉक्टरशी प्रेम होतं, आणि ती गेली तेव्हा तिला दिवस गेले होते. शेवटी ज्युलिया शिकायला न्यूयॉर्कला निघते, आणि आईवडिलांना यातलं काही न सांगताच निघते.

पुस्तक परत देताना लेकीने विचारलं, "तू तिची आई असतीस तर तुला कळायला हवं होतं का?" मी म्हटलं, उद्या सांगते. आज सहावा दिवस आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?

भाकरतुकडा | ११ जानेवारी, रात्री १०:३२

पुस्तक वाचलेलं नाही, पण चिठ्ठी वाचूनच पोटात कालवलं. अंगणवेल, सातवा दिवस उजाडू देऊ नका.

सह्यकडा | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

मी स्पष्ट लिहितो. वर जे कथानक दिलंय त्यात मला आईवडिलांची बाजू दिसत नाही. बाई दिवसभर दुसऱ्यांचे संडास घासते, नवरा कारखान्यात उभा राहून पाय सुजवून घेतो, ते मुलींसाठीच ना? एक मुलगी मेल्यावर दुसरीने घरात राहावं असं आईला वाटलं तर त्यात जाच कुठे आला? हल्ली मुलांसाठीच्या प्रत्येक पुस्तकात आईवडील म्हणजे अडथळा. माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे, मेलबर्नला. त्याच्या शिक्षणासाठी आम्ही नाशिकचा प्लॉट विकला. त्याने मला 'तुमच्या अपेक्षांचं ओझं' असं ऐकवलं तेव्हा काय वाटलं ते माझं मला ठाऊक.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मेलेल्या लेकीची अब्रू जपली, ते त्या पोरीने एक शहाणपणाचं केलं.

टिपूरचांदणं | १२ जानेवारी, सकाळी ८:५०

मी टेक्ससमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, माझ्या वर्गात निम्मी मुलं मेक्सिकन घरांतली. सह्यकडा, तुम्ही म्हणता ते पुस्तकात आहे. ज्युलिया आईबरोबर एकदा साफसफाईला जाते आणि तिला प्रथमच कळतं की आई रोज काय करून येते. लेखिकेने आईला खलनायिका केलेलं नाही. हे पुस्तक पहिल्या शंभर पानांत आईचा राग आणतं आणि नंतर तो राग परत घ्यायला लावतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याचा स्पॅनिश अनुवाद आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने तो आईसाठी नेला. आई पालकसभेला आली तेव्हा पुस्तक पर्समध्ये होतं, मध्ये बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. दोघी एकच पुस्तक दोन भाषांत वाचत होत्या. आपल्याकडे इथल्या मराठी मुलांची गोष्ट त्यांच्या आज्यांना मराठीत वाचता येईल असं किती आहे?

शाळा-ग्रंथालयांतून पुस्तकं काढून टाकण्याच्या बाबतीत इलिनॉयमधल्या, म्हणजे शिकागोच्या राज्यातल्या, लोकांचं मला बरं वाटतं. तिथे २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे: निव्वळ कुणाला पटत नाही म्हणून पुस्तकं काढणार नाही असं धोरण नसेल, तर ग्रंथालयाला राज्याचं अनुदान नाही. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकापुढे मला दोनदा विचार करावा लागतो.

सुरंगी | १२ जानेवारी, दुपारी १:१५

जरा विषयांतर करते. यात ती पंधराव्या वर्षाची मेजवानी आहे ना, किन्सेआन्येरा? चर्चमध्ये प्रार्थना, घेरदार झगा, बापाबरोबर नाच, सपाट चपला काढून उंच टाचांचे बूट घालायचे. माझ्या कामावरच्या मैत्रिणीच्या मुलीची होती तेव्हा मी गेले होते. बापाने गुडघ्यावर बसून लेकीच्या पायांत ते बूट घातले आणि अख्खं सभागृह रडलं.

मला तेव्हा आमची आजी आठवली. राजापूरकडे तिला न्हाण आलं तेव्हा मखरात बसवलं होतं, नवी साडी, गावभर बायकांना बोलावणं. ती सांगायची, "माका इतकी लाज वाटली की मान वर केली नाय." माझ्या आईच्या वेळी ते बंद झालं, आणि माझ्या वेळी तर कुजबुजत सांगितलं गेलं. कुठे गाजवायचं, कुठे लपवायचं, ठरवणारे वेगळेच. ज्युलियालाही तो झगा नकोच असतो.

अंगणवेल | १२ जानेवारी, दुपारी २:००

सुरंगी, अगदी. आणि ती मेजवानी खरं तर ज्युलियासाठी नसतेच. ओल्गाच्या वेळी पैसे नव्हते म्हणून राहून गेली, त्याची रुखरुख आईला लागलीय. ज्युलिया जवळजवळ सोळाची झालेली असते तरी आई हट्टाने करते. एकीचं राहिलेलं दुसरीच्या अंगावर चढवलं. मी माझ्या लेकीला कथ्थकला का घातलं ते मला त्या पानावर आठवलं. मला शिकायचं होतं.

भाकरतुकडा | १२ जानेवारी, दुपारी २:२०

मेक्सिकन घराचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. ते लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून मग वाटतात, म्हणून त्या पिठाची टॉर्टिया तुटत नाही. मी शिकागोच्या २६व्या रस्त्यावरच्या दुकानातून ते ओलं पीठ आणून हातावर भाकरी थापली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. आई म्हणाली, "पिठाला जात चांगली आहे, हात मात्र अजून तुझाच आहे."

रात्रपाळी | १२ जानेवारी, रात्री ११:४०

मी हे पुस्तक बायकोच्या सांगण्यावरून वाचलं, आणि इथे सगळे आईबद्दल बोलताहेत म्हणून वडिलांबद्दल लिहितो.

ज्युलियाचा बाप अख्ख्या पुस्तकात जवळजवळ गप्प आहे. कामावरून येतो, पाय पाण्यात घालून टीव्हीसमोर बसतो. मग ज्युलियाला मेक्सिकोत आजोळी पाठवतात. तिथे तिला कळतं की हा माणूस तरुणपणी चित्रं काढायचा. उत्तम काढायचा. अमेरिकेत आल्यावर थांबला.

मी तिथे पुस्तक मिटलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर होते. त्याआधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे हे मला माहीत होतं, पण एक जोडधंदा म्हणून. ते गेल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ब्रश सापडले. तेलात बुडवून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले, केस अजून मऊ. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं त्यांना तेल देत होतं. आम्हा तीन भावंडांना कधी दिसलं नाही. मी चौदा वर्षांचा असताना चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म आणला होता, इंटरमिजिएटचा. त्यांनी तो फाडला नाही, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "गणिताचा क्लास त्याच वेळी आहे." मी इंजिनिअर झालो. त्या एका वाक्याचा मला पंचवीस वर्षं राग होता.

सह्यकडा, तुमच्या मुलाने ओझं म्हटलं त्याचं वाईट वाटलं असणारच. पण मला आज माझ्या बापाशी त्या फॉर्मबद्दल भांडायला मिळालं तर मी काय वाटेल ते देईन.

गोदातीर | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

धागा वाचतेय. 'स्थलांतरित' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे विमानतळ येतो, म्हणून लिहिते.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. बीड जिल्हा. दसरा झाला की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असायची, गाडी भरायची आणि सांगली-कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाला दोघं मिळून एकच धरायचे. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहायचं, पहाटे फडात. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये. मी आजीपाशी राहून शिकले, आता तालुक्याला शिक्षिका आहे.

आमच्याकडे मुलींची लग्नं लवकर का होतात याचं उत्तर शहरातले लोक 'मागासलेपण' असं देतात. माझ्या आईने मला दिलेलं उत्तर वेगळं होतं. वयात आलेली पोर गावात एकटी ठेवायची तरी भ्या, फडावर न्यायची तरी भ्या. लग्न करून दिलं म्हणजे निदान रात्री झोप लागते. माझी मोठी बहीण पंधराव्या वर्षी सासरी गेली. माझ्या वेळी आजी अडून बसली म्हणून मी वाचले.

तर या पुस्तकातली आई. ती ज्युलियाला बाहेर सोडत नाही, मुलांशी बोलू देत नाही, सारखी पाळत. आणि मग गावी गेल्यावर कळतं की सीमा ओलांडताना, ज्या दलालाला पैसे देऊन हे नवरा-बायको निघाले होते, त्यानेच तिच्यावर बलात्कार केला होता. नवऱ्याला पलीकडे अडवून ठेवून.  

मी ते वाचून माझ्या आईला फोन केला. काही विचारलं नाही. "जेवलीस का" एवढंच विचारलं. आईने ते कोपीतले दिवस मला कधी सांगितले नाहीत आणि मी कधी विचारणार नाही. पण ती मला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर उंबऱ्यात का उभी असायची, त्याला आता मी जाच म्हणू शकत नाही.

सह्यकडा | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

गोदातीर ताई, नमस्कार. पुस्तक न वाचता लिहिलं ते चुकलं. किंडलवर घेतो आहे आज.

हिवाळवारा | १३ जानेवारी, सकाळी १०:०५

मी न्यू जर्सीत. आम्ही 'कायदेशीर' आलेले, म्हणून ज्युलियाच्या घराशी आपला काय संबंध असं मलाही वाटलं होतं. तर ऐका.

मुलगी तीन वर्षांची असताना आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्याही एका देशाच्या लोकांना ७ टक्क्यांची मर्यादा, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की मुलं मोठी होऊन जातात. २१ वर्षं पूर्ण झाली की मूल आमच्या व्हिसावरून बाहेर. ज्यांना २०१२ च्या डाका योजनेचा आधार मिळाला, ती मुलं वेगळी. लहानपणी इथे आणलेल्या आणि १५ जून २०१२ ला ज्यांच्याकडे कायदेशीर दर्जा नव्हता त्यांना देशाबाहेर काढू नये यासाठी ती होती. आमच्या लेकीकडे दर्जा होता, म्हणून ती त्यात बसत नाही. उलट ज्युलिया इथे जन्मलेली, म्हणजे नागरिक.

माझ्या लेकीला इतिहास शिकायचा होता. मी 'विज्ञान, तंत्रज्ञान, काहीतरी तसलं' असा धोशा लावला. का? विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं, पण विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतला असेल तर आणखी २४ महिने मिळतात. माझी सगळी अपेक्षा त्या २४ महिन्यांची होती. तिला मात्र वाटलं, बाबांना इतिहास क्षुद्र वाटतो. आमचं त्यावरून जे भांडण झालं त्यात मी तिला हे कारण सांगितलंच नाही, कारण तिला भीती घालायची नव्हती. आज ती संख्याशास्त्र शिकते आणि माझ्याशी मोजकं बोलते.

गोदातीर यांचं लिहिणं वाचून इतकंच कळलं की मीसुद्धा उंबऱ्यातच उभा होतो.

कंदील | १३ जानेवारी, दुपारी १२:२०

मी मानसोपचार क्षेत्रात काम करते, पुण्यात. अंगणवेल, तुम्ही कथानकात एक भाग वगळलात, बहुधा जाणूनबुजून. ज्युलिया आत्महत्येचा प्रयत्न करते. मुलीने हे पुस्तक 'पूर्ण वाच' म्हणून दिलं असेल तर तो भागही तिने दिलाय. घाबरवत नाहीये. बहुतेक मुलं पुस्तक आवडलं म्हणूनच देतात. पण थेट विचारा: "तुला कधी असं वाटतं का?" विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, हे आम्ही पालकांना वारंवार सांगतो. विचारलं की मुलांना हलकं वाटतं.

पुस्तकातला हा भाग मला प्रामाणिक वाटला. तिच्या आजाराला नाव मिळतं, औषध मिळतं, समुपदेशन मिळतं, आणि ती हळूहळू सावरते. लेखिकेने पुढे २०२२ मध्ये स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःच्या नैराश्याबद्दल उघडपणे लिहिलंय.

इथे कुणाला गरज असेल तर मदतीचे फोन क्रमांक: अमेरिकेत ९८८, भारतात टेलिमानस १४४१६. टेलिमानसवर मराठीतही बोलता येतं.

ऊनपाऊस | १३ जानेवारी, रात्री ९:५०

मूळ प्रश्नाकडे येते, कारण मी त्या प्रश्नात राहिले आहे.

माझा मोठा भाऊ १९९८ मध्ये अपघातात गेला. वसतिगृहाच्या खोलीतलं सामान आणायला मी गेले, मी तेव्हा एकोणीसची. त्याच्या गादीखाली पत्रं होती. एका मुलीशी नोंदणी लग्न करायचं ठरलं होतं, तारीखसुद्धा. जात वेगळी. आमच्या घरात तो म्हणजे देवघरातला बाळकृष्ण. मी पत्रं माझ्या पुस्तकांत लपवून आणली आणि सहा वर्षं गप्प राहिले.

त्या सहा वर्षांत आई त्याच्यासाठी 'आलेल्या' स्थळांच्या गोष्टी सांगायची. कुठली मुलगी त्याला शोभली असती वगैरे. मी समोर बसून हूं म्हणायचे. शेवटी एका संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "त्या मुलीचं लग्न झालं का?"

झालं होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आईला नको सांगू." तेव्हापासून आम्ही दोघं होतो. बाबाही आता नाहीत, पण एकटीने सांभाळलेल्या सहा वर्षांपेक्षा नंतरची सोपी गेली.

सह्यकडा म्हणतात त्या अब्रूचा विचार माझ्या मनात कधी नव्हता. मला आईकडे असलेला तो मुलगा मोडायचा नव्हता. ज्युलियाही बहुधा त्याचसाठी गप्प राहते. पण तिच्याकडे तसे बाबा नाहीत. म्हणून मला ते पुस्तकाचं शेवटचं पान अजून टोचतं.

टिपूरचांदणं | १३ जानेवारी, रात्री १०:३०

ऊनपाऊस, तुमच्यासाठी नुसतं इथे थांबते. काही लिहिणं जमत नाहीये.

सह्यकडा | १६ जानेवारी, सकाळी ८:००

संपवलं. ज्युलियाची भाषा मला शेवटपर्यंत खटकली, ते मी मागे घेत नाही. शिव्या फार आहेत, आणि घरच्यांना ती ज्या तुच्छतेने बघते ते सुरुवातीला वाचवत नाही.

पण ओल्गा. मला वाटत होतं पुस्तक ज्युलियाबद्दल आहे. गुणी मुलगी म्हणून तिला ज्या पाटावर बसवलं, तिथून तिला उतरताच आलं नाही. खोटं बोलणं तिला भाग पडलं. माझा मुलगा तोंडावर तरी बोलला. 'ओझं' म्हणाला. त्या दिवशी मी फोन ठेवला होता. काल मी केला. प्लॉटचा विषय काढला नाही.

अंगणवेल | १६ जानेवारी, रात्री ११:२५

उशीर झाला, माफ करा. सगळं वाचत होते.

काल रात्री भांडी आवरताना लेकीला म्हटलं, "हो, मला कळायला हवं होतं. पण ती जिवंत असताना. गेल्यावर कळून मी काय केलं असतं, माहीत नाही." तिने विचारलं, "मग तू ओरडली नसतीस?" मी म्हटलं, "ओरडले असते. पहिला अर्धा तास नक्की. तेवढा तू सहन कर." ती हसली. मग कंदील यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. नीट विचारता आला नाही, अडखळले, निम्मा इंग्रजीत विचारला. तिने उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. सोमवारी आम्ही दोघी शाळेच्या समुपदेशकाला भेटतोय.

कथ्थक तिने स्वतःहून काढलं. तिला सोडायचं नाहीये. फक्त वार्षिक कार्यक्रमात सगळ्या मावश्यांसमोर नाचायचं नाहीये. मी इतकी वर्षं तिथेच पहिल्या रांगेत बसत होते.

कंदील | १७ जानेवारी, सकाळी ७:१०

अडखळत विचारलेलं चालतं. सोमवारसाठी शुभेच्छा.

गोदातीर | १८ जानेवारी, संध्याकाळी ५:४५

नववीच्या मुलींना शेवटच्या तासाला ही गोष्ट मराठीत सांगायला घेतली आहे, माझ्या शब्दांत, जमेल तशी. निम्म्या मुलींचे आईबाप आत्ता फडावर आहेत. आज ओल्गाच्या खोलीपर्यंत आलो. घंटा झाली तरी कुणी उठेना. एकजण म्हणाली, "बाई, कपाटात काय सापडलं तेवढं सांगा, मग जातो."

उद्या सांगते म्हटलं.